पडद्यावरची वेशस्पर्धा

वेशभूषेची स्पर्धा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें शाळेचें स्नेहसंमेलन उभें राहतें. कापसाची दाढी लावलेला ऋषि, पुठ्ठ्याची तरवार कमरेस खोंचलेला मावळा, आणि आईच्या लुगड्यांत पाय अडकून ऐन रंगमंचावर रडूं लागलेली चिमुकली जिजाबाई, हीं चित्रें आपणांपैकीं बहुतेकांच्या आठवणींत असतील. आज मी ज्या स्पर्धेविषयीं बोलणार आहें ती ह्याच कुळांतली आहे. परंतु तिच्यांत भाग घेणारीं माणसें प्रौढ असतात, त्यांचे वेश महिनेच्या महिने खपून तयार केलेले असतात, आणि अलीकडे तर ही स्पर्धा सभागृह सोडून घरांत येऊन बसली आहे. स्पर्धक एका खंडांत, परीक्षक दुसऱ्या खंडांत, आणि दोघांच्या मध्यें एक कांचेचा पडदा, असा हा प्रकार आहे. तिला ऑनलाइन वेशस्पर्धा म्हणतात. अशा स्पर्धेंत उतरावयाचें म्हणजे काय काय करावें लागतें, आणि त्यांत माणसाच्या कोणत्या गुणाची कसोटी लागते, एवढेंच आजच्या भाषणांत सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम ह्या संमेलनांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्याकडे साहित्यसंमेलन भरतें तें मुख्यतः लेखकांच्या पुढाकारानें. वाचक तेथें जातो तो ऐकावयास. विज्ञानकथा, अद्भुतकथा, चित्रकथा ह्यांच्या वेडानें झपाटलेल्या वाचकांनीं मात्र अमेरिकेंत निराळीच रीत पाडली. तेथें वाचकांनींच वर्गणी काढावी, वाचकांनींच खुर्च्या मांडाव्यात आणि लेखकांस पाहुणे म्हणून बोलवावें, असा क्रम सुरू झाला. १९३९ सालच्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्क येथें पहिलें जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलें, तेव्हां तेथें जमलेली मंडळी दोनशेंच्या आसपास होती. त्या दोनशें लोकांत दोन व्यक्ति भविष्यकाळांतील वेश धारण करून आल्या होत्या. एक फॉरेस्ट अकरमन आणि दुसऱ्या मर्टल डग्लस. दोघेंहि लॉस एंजेलिसचीं. हिरवें प्रावरण आणि सैल विजार अशा थाटांत अकरमन सभेंत वावरले. १९३६ सालीं निघालेला, वेल्सच्या कथेवरील ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट व त्या काळच्या कथामासिकांतील फ्रँक पॉल ह्यांचीं चित्रें पाहून ह्या वेशांची कल्पना सुचली होती. बाकीचे सारे सभासद कोट-टाय घालून बसले होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या दोघांच्या धाडसाची कल्पना येते.

आतां एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ते दोन्ही वेश बेतले आणि शिवले मर्टल डग्लस ह्या बाईंनीं. स्वतःचाहि त्यांनींच शिवला आणि अकरमन ह्यांचाहि. तथापि पुढें कित्येक वर्षें वेशधारी रसिकांचा आद्यपुरुष म्हणून लोकांच्या तोंडीं नांव राहिलें तें अकरमन ह्यांचें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९४० सालीं, शिकागोच्या संमेलनांत वेशांचा रीतसर मेळा भरला व बक्षिसें दिलीं गेलीं. पहिलें बक्षीस मिळालें डेव्हिड काइल ह्यांना. त्यांनीं चित्रकथेंतील मिंग नामक दुष्ट सम्राटाचा वेश घेतला होता. तो वेशहि तयार केला होता लेस्ली पेरी ह्या बाईंनीं. मिरविणारा एक आणि शिवणारा दुसरा, ही जोडी अशा रीतीनें ह्या खेळाच्या जन्मापासून त्याच्या बरोबर आहे. ह्या जोडीकडे मला शेवटीं पुन्हां वळावयाचें आहे.

पुढें संमेलनें वाढलीं आणि हा छंद देशोदेशीं पसरला. जपानांत १९८३ सालीं नोबुयुकी ताकाहाशी ह्या लेखकानें एका मासिकांत त्याला ‘कॉस्प्ले’ असें आटोपशीर नांव दिलें. वेशभूषा आणि क्रीडा ह्या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द कापून जोडल्यानें तें बनलें आहे. आपल्या बहुरूप्यालाहि हें नांव शोभलें असतें. फरक इतकाच कीं बहुरूपी वेश घेतो तो पोटासाठीं. हे लोक पदरचे पैसे घालून घेतात.

स्पर्धा आली म्हणजे नियम येतात. मोठ्या संमेलनांतील वेशस्पर्धांनीं अनुभवानें जे नियम बसविले त्यांतले दोन-तीन सांगण्यासारखे आहेत. पहिला नियम पायरीचा. नवशिके, कारागीर व उस्ताद असे स्पर्धकांचे तीन वर्ग करतात, म्हणजे पहिल्यांदाच सुई हातीं धरणाऱ्याची गांठ वीस वर्षें वेश घडविणाऱ्याशीं पडत नाहीं. ह्यांतली गंमत अशी कीं, नवशिक्याची इच्छा असल्यास त्यानें वरच्या वर्गांत खुशाल उतरावें. परंतु वरच्या वर्गांत बक्षीस मिळविलेल्यानें खालच्या वर्गांत येऊन नवशिक्यांचीं बक्षिसें लुटूं नयेत. दुसरा नियम दोन प्रकारच्या परीक्षांचा. एक परीक्षा रंगमंचावरची, म्हणजे वेश घेऊन स्पर्धक कसा चालतो, कसा उभा राहतो, प्रेक्षकांच्या मनावर कसा ठसा उमटवितो, ह्याची. दुसरी पडद्यामागची. तेथें कारागिरीचा परीक्षक जवळ येऊन वेशाची दुमड उलटून पाहतो, अस्तर चांचपतो, जोड ओढून बघतो. तिसरा नियम एका फजितीमुळें आला. १९७२ सालीं लॉस एंजेलिसच्या संमेलनांत एका तरुण चित्रकारानें चित्रकथेंतील एका पात्राचें सोंग घेतांना सर्वांगाला भुईमुगाच्या दाण्यांचें लोणी फासलें. तें शेजाऱ्यांच्या वस्त्रांना लागलें, आसनांना लागलें, आणि दिव्यांच्या उष्णतेनें त्याला वास सुटूं लागला. तेव्हांपासून खाद्यपदार्थ किंवा दुसऱ्यास बाधेल असा चिकट व घाणेरडा पदार्थ अंगास लावण्यास बंदी आहे.

हे सारे नियम एका गोष्टीवर उभे होते: सर्वांनीं एका छपराखालीं जमणें. २०२० सालीं करोनाच्या साथीनें तें छप्परच काढून घेतलें. त्या वर्षीं जागतिक विज्ञानकथा संमेलन न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरीं भरावयाचें होतें. तें २९ जुलै ते २ ऑगस्ट ह्या ठरल्या दिवशींच भरलें, परंतु सर्वस्वीं ऑनलाइन. जागतिक संमेलनाच्या इतिहासांत असें प्रथमच घडलें. त्याच जुलै महिन्यांत अमेरिकेंतील सॅन डिएगो येथील प्रचंड चित्रकथा-संमेलन ‘घरबसल्या’ भरविण्यांत आलें, आणि त्याच वर्षीं जपानांत नागोया शहरीं २००३ सालापासून चालत आलेल्या जागतिक कॉस्प्ले मेळ्यानेंहि पडद्याचाच आश्रय घेतला. वेशस्पर्धा मात्र कोणी सोडावयास तयार नव्हता. स्पर्धकांनीं घरींच वेश घालावा, छायाचित्रें व चित्रफीत पाठवावी, आणि परीक्षकांनीं आपापल्या घरीं बसून निर्णय द्यावा, अशी व्यवस्था झाली. साथ ओसरल्यावर सभागृहें पुन्हां गजबजलीं. तथापि ही नवी रीत अजीबात नाहींशी झाली नाहीं. चित्रफितींच्या स्पर्धा अजूनहि ठिकठिकाणीं होतात.

ह्या फेरफारानें काय मिळालें, तें आधीं सांगतों. सातासमुद्रांपलीकडच्या संमेलनास जाण्याचा खर्च, परदेशगमनाची परवानगी, नोकरींतील रजा, हीं विघ्नें एका फटक्यासरशीं दूर झालीं. ज्याला चालतां येत नाहीं, ज्याला गर्दींत घाबरें होतें, जिच्या कडेवर मूल आहे, अशांनाहि रंगमंचाची पायरी चढतां आली. पुण्यांतल्या किंवा कोल्हापुरांतल्या मुलीनें अमेरिकेंतील संमेलनाच्या स्पर्धेंत उतरावें, ही गोष्ट त्यापूर्वीं फारच थोड्यांच्या आवांक्यांत होती.

गमावलें काय, तेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. टाळी गेली. शेजाऱ्याची सुटलेली गुंडी रंगमंचामागें आपल्या सुईदोऱ्यानें लावून देण्याचें सौजन्य गेलें. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परीक्षकाचा आंगठा गेला. सभागृहांत तो अस्तरावरून फिरे व एका क्षणांत खरेंखोटें सांगे. पडद्यावर वेश म्हणजे एक चित्र. उजेड नीट पाडला तर गोंदानें चिकटविलेली किनार जरीची भासते. कोन साधला तर पाठीमागें टाचण्यांनीं गोळा केलेला ढगळ अंगरखा बेतून शिवल्यासारखा दिसतो. आजकाल तर यंत्राला नुसतें सांगितलें तरी तें न शिवलेल्या वस्त्राचें हुबेहूब चित्र काढून देतें. अशा स्थितींत परीक्षकानें विश्वास ठेवावा तो कशावर? उत्तर एकच आहे: स्पर्धकानें स्वतः ठेवलेल्या नोंदींवर.

म्हणून ज्याला अशा स्पर्धेंत उतरावयाचें असेल त्यानें नोंदींचें काम पहिल्या दिवसापासून हातीं घ्यावें. कापड बेततांना एक छायाचित्र, पहिली टीप घालतांना एक, फसलेली बाही उसवतांना एक, अशी मालिका ठेवावी. वेश पुरा झाल्यावर ती मागाहून तयार करतां येत नाहीं, आणि तेंच तिचें मोल आहे. एखाद्या ग्रंथांतील किंवा चित्रपटांतील पात्राचा वेश असेल तर मूळ चित्र सोबत जोडावें. कल्पना स्वतःची असेल तर तसें लिहावें. ह्या दोहोंची परीक्षा वेगवेगळ्या दृष्टीनें होते. तयार वेशाचीं समोरून, पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनीं चार छायाचित्रें काढावींत, आणि पांचवें अवश्य आंतल्या बाजूचें काढावें. बाहेरची बाजू हौसेची असते. शिवणाऱ्याची खरी ओळख आंतल्या बाजूला पटते. परीक्षकाच्या आंगठ्याचें काम आतां त्या एका छायाचित्राला करावयाचें असतें.

चित्रफितीविषयीं कांहीं व्यावहारिक सूचना. सकाळचा किंवा उतरत्या दुपारचा खिडकींतला उजेड विजेच्या दिव्यापेक्षां चांगला. खिडकी मात्र पाठीशीं नसावी, नाहींतर वेशाची नुसती काळी सावली उमटते. मागची भिंत मोकळी ठेवावी, म्हणजे दोरीवरचे वाळत घातलेले टॉवेल रणांगणांत फडफडणार नाहींत. डोक्यापासून पावलांपर्यंत सर्व आकृति चौकटींत यावी. एकदां तरी सावकाश गिरकी घ्यावी, बसून उठून दाखवावें. जो वेश घालून माणसाला बसतां येत नाहीं तो अजून पुरा झालेला नाहीं असें समजावें. गाजलेलें चित्रपटगीत मागें लावण्याचा मोह टाळावा; हक्काच्या भानगडींत प्रक्षेपणाच्या वेळीं तुमचा आवाज बंद होण्याचा संभव असतो. आणि मुदतीची तारीख वाचतांना ती कोणत्या देशाच्या घड्याळाची आहे हें आधीं पाहावें. जुलै महिन्यांत न्यूझीलंडांत मध्यरात्र होते तेव्हां आपल्याकडे सायंकाळचे साडेपांच झालेले असतात. उलट कॅलिफोर्नियांत मध्यरात्र होते तेव्हां आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. सहा महिन्यांची मेहनत एवढ्याशा हिशेबापायीं वाया जाऊं शकते.

येथवर सांगितलें तें कोणीहि चार नियमपत्रें वाचून सांगूं शकेल. परंतु ह्या विषयाकडे माझें लक्ष वळलें तें एका घरगुती प्रसंगामुळें. तो सांगितल्याशिवाय माझें म्हणणें पुरें होणार नाहीं.

२०२० सालच्या पावसाळ्यांत माझी एक भाची पुण्यास आमच्या घरीं अडकून पडली होती. महाविद्यालय बंद, बाहेर जाणें बंद. तिनें एका परदेशी संमेलनाच्या ऑनलाइन वेशस्पर्धेंत नवशिक्यांच्या वर्गांत नांव घातलें. वेश निवडला तो फ्रँक हर्बर्ट ह्यांच्या १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ड्यून’ ह्या कादंबरींतला. त्या कथेंत एक निर्जळ वाळवंटी ग्रह आहे. तेथील रहिवासी अंगभर एक असा पोषाख घालतात कीं, शरीरांतून घामावाटे व श्वासावाटे जाणारें पाणी तो अडवितो, गाळतो, आणि नळीवाटे पुन्हां पिण्यास देतो. टँकरची वाट पाहत उन्हाळे काढलेल्या मुलखांतल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाहीं.

दुकानें बंद असल्यामुळें सामान मिळालें तें घरांतलें व गल्लींतलें. माझा जुना काळा रेनकोट कापला गेला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानें टाकाऊ सायकल-ट्यूबांचा एक भारा आणि सोल्युशनची एक नळकांडी दिली. औषधांच्या दुकानांतून सलाइनची नळी आली. अडचण आली ती छाती-पाठीच्या जाड पट्ट्यांची. कापडाचे चार थर आणि मध्यें रबर, एवढें जाड काम आमच्या जुन्या शिवणयंत्राला पेलेना. दोन दिवसांत तीन सुया मोडल्या. तिसऱ्या सुईच्या वेळीं माझी आई, म्हणजे भाचीची आजी, चष्मा पुसत पुढें आली आणि म्हणाली, “अगं, ह्याला मशीन कशाला? ही तर गोधडीच आहे. आण इकडे.”

तिनें रबर बाजूस काढावयास लावलें, जुन्या धोतरांचे थर त्याच्या जागीं भरले, आणि बोटांत अंगुस्तान घालून धावदोरा घालावयास बसली. कडेपासून सुरुवात करून आंत आंत येत जाणाऱ्या त्या टाक्यांच्या रांगांनीं कापडावर आपोआप बारीक उंचवटे उठले. कादंबरीवाल्याला अभिप्रेत असलेला पोषाख डोळ्यांपुढें उभा राहिला. भाचीहि तो टाका शिकली. दोन्ही बाह्या व पायांचे पट्टे तिनें स्वतः घातले. परंतु तिचे टाके तांदळाएवढे आणि आजीचे तिळाएवढे. मुदत जवळ आलेली. छाती आणि पाठ आजीनेंच पुरी केली.

मग स्पर्धेचा अर्ज भरावयाची वेळ आली. त्यांत एक प्रश्न होता: वेशाचा कोणता भाग कोणी तयार केला? आणि खालीं एक सूचना होती कीं, स्पर्धकाखेरीज दुसऱ्यानें केलेला भाग कारागिरीच्या गुणांसाठीं धरला जाणार नाहीं. आतां सगळ्या वेशांत पाहण्याजोगें काम तें छाती-पाठीचेंच. तें वगळलें तर उरतें काय? कापलेला रेनकोट, चिकटविलेलें रबर आणि तांदळाएवढे टाके.

श्रोतेहो, मला सांगावयास संकोच वाटतो, परंतु मीं तिला सल्ला दिला तो असा: “आजी काय परकी आहे? घरचेंच माणूस. कल्पना तुझी, बेत तुझा. अमेरिकेंत बसलेल्या परीक्षकाला कोण सांगावयास जाणार आहे?” माझ्या मतें हा व्यवहार होता. भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मामा, कोणी सांगणार नाहीं, हेंच तर कठीण आहे. समोर असते तर त्यांनीं मला सुई हातांत देऊन टाका घालून दाखव म्हटलें असतें. इथें त्यांना शिवण दिसते, हात दिसत नाहीं. तो मींच दाखवायचा.”

आजीचा विरोध त्याहूनहि अधिक. “माझं नांव तिकडे कशाला? गोधड्यांवर कुणी नांव घालतं का?” असें म्हणून ती स्वयंपाकघरांत निघून गेली. तिच्या त्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. आमच्या घरांत तिच्या हातच्या निदान बारा गोधड्या असतील; त्या कोणीं केल्या हें आम्हीं कधीं कोणास सांगितलें नाहीं, कारण कोणी विचारलेंच नाहीं. विचारणारा पहिला माणूस म्हणजे तो परदेशी अर्ज.

भाचीनें अर्जांत लिहिलें: छाती व पाठीवरील धावदोरा, आजी. बाकी सर्व, मी. आजीच्या हातांचें, बोटांत अंगुस्तान असलेलें एक छायाचित्र, आणि पोषाखाच्या आंतल्या बाजूचें एक, अशीं दोन तिनें सोबत जोडलीं. गच्चीवर सकाळीं सात वाजतां चित्रफीत घेतली. पावसानें दोनदां पळवून लाविलें. तिसऱ्या खेपेस जमलें. मुदतीपूर्वीं चार तास आधीं सारें रवाना झालें.

बक्षीस मिळालें नाहीं. परीक्षकांचा अभिप्राय मात्र आला आणि तो मला आवडला, कारण त्यांत गोड बोलून वेळ मारून नेलेली नव्हती. बाह्यांच्या जोडावर चिकटविलेलें रबर सुटूं लागलें आहे, तेथें टाका हवा होता, असें त्यांत होतें. आंतल्या बाजूचें छायाचित्र पाठविल्याबद्दल आभार होते. आणि छाती-पाठीच्या कामाला गुण देतां येत नाहींत, तथापि हा टाका कोणत्या प्रांतांतला, तो कसा घालतात, अशी विचारणा होती. त्या पत्राचें उत्तर लिहितांना भाचीनें आजीला चार दिवस शेजारीं बसवून घेतलें.

संमेलनाचा वेशमेळा तिकडच्या सायंकाळीं, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीं सकाळीं दाखविला गेला. आम्ही तिघें चहाचे पेले घेऊन मोबाइलपुढें बसलों होतों. भाचीची चित्रफीत आली, आणि तिच्या खालीं दोन नांवें आलीं. आईला इंग्रजी अक्षरें वाचतां येत नाहींत. तिनें विचारलें, “ह्यांतलं माझं कोणतं?” भाचीनें बोट ठेवून दाखविलें. तेवढ्यांत पुढच्या स्पर्धकाची पाळी आली व नांवें निघून गेलीं. आई थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “त्या बाहीचं रबर काढून आण. टाका घालून देतें.” आणि लगेच, “नाहीं, तूंच घाल. मी बघतें.”

श्रोतेहो, न्यूयॉर्कच्या त्या पहिल्या संमेलनाकडे आतां पुन्हां वळूं या. १९३९ सालीं मर्टल डग्लस सभागृहांत प्रत्यक्ष हजर होत्या. अंगावर त्यांनींच शिवलेला वेश होता. शेजारीं उभ्या असलेल्या गृहस्थाच्या अंगावरहि त्यांचेंच काम होतें. दोनशें माणसांनीं तें पाहिलें. तरीहि शिवणाऱ्या हाताचें नांव मागें पडलें, आणि अलीकडे अभ्यासकांनीं तें जुन्या नोंदींतून हुडकून पुढें आणलें. तेव्हां सर्व दोष पडद्याचा आहे, असें म्हणतां येत नाहीं. समोरासमोर असतांनाहि लोक वेशधाऱ्याकडे पाहतात. पडद्यावर हा जुना दोष अधिक स्पष्ट होतो एवढेंच, कारण तेथें पाहणाऱ्याला चित्राखेरीज कांहींच मिळत नाहीं.

पण त्या पडद्यानेंच एक सोयहि करून ठेविली आहे. सभागृहांत वेशावर नांव लिहिण्यास जागा नव्हती. अर्जांत ती आहे. आंतली बाजू दाखविण्यास जागा आहे. मदत करणाऱ्याचा उल्लेख करण्यास जागा आहे. ती जागा रिकामी सोडावयाची कीं भरावयाची, हें एकट्या स्पर्धकाच्या हातीं आहे, आणि तेथें त्याच्यावर पाळत ठेवणारें कोणी नाहीं. ह्या स्पर्धेंत सर्वांआधीं कसोटी लागते ती येथें, असें मला वाटतें. उजेड, कोन, गिरकी हें सर्व त्यामागून येतें.

आपणांपैकीं कोणाच्या घरीं असा छंद असलेलीं मुलें असतील तर त्यांना अवश्य उत्तेजन द्यावें. जुने रेनकोट द्यावेत, धोतरें द्यावींत, घरांतील वडील माणसांना टाका शिकविण्यास बसवावें. आणि अर्ज भरतांना मुलांनीं तुम्हांला विचारलें, तर माझ्यासारखा सल्ला तेवढा देऊं नये.

आमच्या घरींहि त्यानंतर एक लहानसा फरक झाला. आईच्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला भाचीनें तांबड्या दोऱ्यानें आजीचें नांव घातलें आहे, देवनागरी अक्षरांत. तिचे टाके अजून तांदळाएवढेच आहेत. परंतु आईला तें नांव वाचतां येतें.